यानाबा आजीच्या माळेतले नऊ मणी

लुकाचुकाई, ॲरिझोना
९ मार्च १९७९

विल्फ्रेड,

तुझा पत्ता लेस्टरने दिला. देताना दोनदा म्हणाला, "मी दिला असं कळवू नका." म्हणून कळवतेय. तुझ्याच टोळीत रुळांवर काम करतो, पण इकडे सुट्टीवर आला आणि तुझं नाव काढलं की आपले बूट बघत बसतो. मटणाच्या रश्श्याचं दुसरं वाडगं पुढे केलं तेव्हा कुठे लिहून दिलं: नीडल्स, कॅलिफोर्निया, टोळीचा डबा नंबर चार. मालगाडीच्या डब्यात राहतोस म्हणे. उन्हाळ्यात भाजून निघत असशील.

इथं बर्फ अजून आहे. डोंगराकडचा रस्ता बंदच. आठ कोकरं झाली, सात जगली. ट्रक सुरू होताना आईसारखा खोकतो. माझ्याकडे काम भरपूर आहे. लोक माळा गाठवायला आणतात, खिळ्यांवर ओळीने लटकवून ठेवल्यात. डोळे मात्र पूर्वीसारखे नाहीत, बारीक मण्यांना दिवसाउजेडीच बसते.

त्या माळेचं आता कुणी काढत नाही. दीड वर्ष होऊन गेलं. लोकांना काय, नवीन विषय मिळाला की जुना सुटतो. यानाबा आजीसुद्धा गप्प असते. चूक कुणाच्याही हातून होते, त्यासाठी माणसाने मुलूख सोडायचा नसतो.

लोकर कातरायची वेळ जवळ आली. ये.

तुझी बहीण,
एथेलीन

२ मे १९७९

विल्फ्रेड,

तुझं पत्र पोचलं. पहिलंच, आणि त्यात ख्यालीखुशाली एका शब्दाची नाही. तू लिहिलेलं मी इथं पुन्हा उतरवते, कारण मला ते नीट कळलंय का ते बघायचंय.

"ताई, मी खूप विचार केला. मी चोरी केली नाही. पण माळ मीच ओवली होती, हेही खरं. त्या दिवशी टेबलावर दोन डबे होते. एकात आजीच्या माळेचे सोडवलेले मणी, दुसऱ्यात गॅलपहून आणलेले रंगवलेले, प्रवाशांना विकायच्या माळांत घालतो ते. लॉरेन नुकतीच मला सोडून गेली होती, माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. हात चुकीच्या डब्यात गेला असणार. म्हणजे आजीचे नऊ खरे पिरोजे कुठल्या तरी प्रवाशाच्या गळ्यात गेले. त्या आठवड्यात कुणाकुणाला माळा विकल्या ते कळव. मी शोधतो."

कुणाकुणाला विकल्या ते मला आठवत नाही. कोण येतं, मोटारीतून उतरतं, फोटो काढतं, जातं. शोधू नकोस. गवताच्या गंजीत कोण मणी शोधतं? आणि तू असं सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन का बसलास? झालं ते झालं.

परवा पोस्टाच्या खिडकीशी यानाबा आजी भेटली. माझ्या हातात तुझं पाकीट होतं.

"कुणाचं?"

"विल्फ्रेडचं."

"काय म्हणतो?"

"बरा आहे."

"पाकीट एवढं पातळ आहे, की तेवढंच मावलं असेल." मग म्हणाली, "त्याला लिही, माझी मेंढरं यंदा त्या चिनलीच्या माणसाने कातरली. उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसतात. लाज वाटते चरायला सोडताना."

मी हसले. ती हसली नाही. म्हणाली, "माळ मी पेटीत ठेवलीय. ते नऊ निळे तसेच आहेत त्यात. ज्याने घातले त्याने येऊन काढावेत." आणि हे म्हणताना ती माझ्याकडे बघत होती, का पाकिटाकडे, ते मला सांगता येत नाही.

स्वतःला जप.

एथेलीन

१७ जून १९७९

विल्फ्रेड,

खोका आला. पोस्टातच उघडला, घरी येईपर्यंत धीर नव्हता. मला वाटलं खजूर पाठवलेस.

कॉफीच्या छोट्या डब्यात अकरा पुड्या. प्रत्येकीवर पेन्सिलने गावाचं नाव. विन्स्लो, सेलिग्मन, किंगमन, नीडल्स, बारस्टो. सगळ्या रेल्वेच्या वाटेवरची गावं. आणि चिठ्ठी: "हे आजीचेच आहेत असं म्हणत नाही. पण भोकं हाताने फिरवायच्या सामत्याने दोन्हीकडून पाडलेली आहेत, मध्ये अरुंद होतात. जुने आहेत. दर रविवारी दुकानं बघतो. तिला दे आणि सांग, बाकीचे शोधतोय."

दर रविवारी.

मी एकेक पुडी उघडून रुमालात ठेवत गेले. दोन तर अगदी अलीकडचे आहेत, तुला फसवलं कुणीतरी. पण बारस्टोचा तो चपटा, गळ्याचं तेल पिऊन पिऊन हिरवा पडलेला, तो बघितला आणि मला पोस्टाच्या पायरीवर बसावं लागलं. टपालवाली बाई पाणी घेऊन बाहेर आली.

आज यापुढे लिहवत नाही.

२४ जून १९७९

विल्फ्रेड,

आठवडा गेला. चार वेळा लिहायला बसले आणि चारही कागद चुलीत घातले. आता सरळ लिहिते. बसून वाच.

तुझा हात चुकीच्या डब्यात गेला नव्हता. ते नऊ रंगवलेले मणी आजीच्या मण्यांच्या डब्यात मी घातले.

यानाबा आजीने माळ आणून दिली तेव्हा तू पाणी भरायला गेला होतास. तिच्या आजीने चाळीस मेंढ्या देऊन घेतलेली माळ. तिची नात रोशेल वयात आली होती, तिचा किनाल्दाचा विधी आठवड्यावर आला होता आणि चारही दिवस पोरगी ती माळ घालून पूर्वेकडे पळणार होती. दोरा जुना झालेला, म्हणून गाठवायला दिली. आजी मला म्हणाली, "सुताचाच दोरा घाल. भोकांना हात लावू नकोस."

मी "हो" म्हटलं. पण तुला आठवतं, त्या महिन्यात मी विजेचं ड्रिल घेतलं होतं, आणि ती प्लास्टिक चढवलेली पोलादी तार. सूत तुटतं, तार तुटत नाही. मला वाटलं, मी अशी गाठवून देते की आजीच्या पणतीलाही पुन्हा गाठवावी लागणार नाही. लोक म्हणतील, एथेलीनच्या हातची माळ. तार जाड होती, जुन्या मण्यांच्या पोटातून जाईना. म्हणून भोकं जरा मोठी करायला घेतली.

पहिला मणी फुटला तेव्हाच थांबायला हवं होतं. मला वाटलं, तोच कच्चा असेल. दुसरा फुटला, मी ड्रिल हळू केलं. तिसऱ्याला पाणी लावलं. अशा चुका माणूस एक करून थांबत नाही. प्रत्येक फुटलेल्या मण्याबरोबर मला वाटे, पुढचा नीट झाला की मागचं भरून निघेल. नऊ फुटले. मग मी तार कपाटात टाकली, सुताचा दोरा काढला, आणि गॅलपच्या डब्यातून रंगाला जुळणारे नऊ निवडून आजीच्या मण्यांत मिसळले. इतके जुळणारे निवडले की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. तू आलास तेव्हा म्हटलं, "तू ओव, माझे डोळे दुखताहेत."

डोळे दुखत नव्हते. ओवताना माझेच हात त्या नऊंना लागायला नको होते.

पुढचं तुला अर्धंच माहीत आहे. शेवटच्या दिवशी रोशेल धावून आली ती घामाने निथळत. लुसिटा मावशीने तिला घोंगडीवर निजवून अंग रगडायला घेतलं, चांगली बाई घडावी म्हणून. आणि मावशीने हात वर केले तर दोन्ही तळवे निळे. पोरीच्या गळ्यावर निळे ओघळ. एवढी माणसं जमलेली, पण मक्याचा केक कापणाऱ्या बाईच्या सुरीचा आवाज ऐकू यायला लागला. यानाबा आजीने एक मणी नखाने खरवडला. आतून पांढरा.

"ही माळ गाठवली कुणी?" तिने विचारलं.

मी तिथंच उभी होते. म्हटलं, "माझ्या भावाने."

विल्फ्रेड, यात खोटं काही नव्हतं, असं स्वतःला सांगत मी दोन वर्षं जगले. माळ तूच गाठवली होतीस. लाकडं उतरवून तू आत आलास, आणि सगळे तुझ्याकडे बघायला लागले. रोशेलच्या तोंडून तो शब्द गेला. "चोर." तू माझ्याकडे बघितलंस. मी केक वाटायला घेतला.

तुकडे माझ्याकडे आहेत. फ्लॅनेलच्या फडक्यात बांधून बेकिंग पावडरच्या डब्यात. मणी कुणाच्या गळ्यात गेले नाहीत. तुझे सगळे रविवार मी फुकट घालवले.

माफ कर असं लिहिणार होते. लिहून खोडलं, कागदाला भोक पडलंय ते तिथंच. आधी जिथं सांगायला हवं तिथं सांगून येते.

एथेलीन

९ जुलै १९७९

विल्फ्रेड,

तुझं उत्तर नाही. मीही वाट बघत लिहीत नाहीये. झालं ते कळवते.

गुरुवारी यानाबा आजीकडे गेले. ती होगनच्या, त्या गोल मातीच्या घराच्या, बाहेर सावलीत लोकर पिंजत होती, रोशेल शेजारी कपडे वाळत घालत होती. तुझा कॉफीचा डबा आणि माझा बेकिंग पावडरचा डबा, दोन्ही तिच्यापुढे ठेवले आणि तुला लिहिलं तसंच्या तसं सांगितलं. मध्येच थांबले तर ती म्हणे, "पुढे?" म्हणून पुढे सांगावंच लागलं.

सगळं ऐकून तिने फडकं सोडलं. तुकडे तळहातावर घेतले, बोटाने एकेकाला उलटंपालटं केलं. मला वाटलं आता बोलेल. बोलली ते हे: "ड्रिल चांगलं आहे का?"

"काय?"

"ते विजेचं. लाकडाला चालतं का? दाराची बिजागरी निसटलीय."

मला रडू फुटलं. ती म्हणाली, "रडायचं तर तिकडे जाऊन रड, लोकर भिजेल." मग तुझ्या पुड्या उघडायला लागली. गावांची नावं रोशेलकडून वाचून घेतली. दोन मणी बाजूला केले, "हे कालपरवाचे." उरले नऊ. बारस्टोचा तिने दाताला लावून बघितला, उन्हात धरला. "हा माझ्या आईहून म्हातारा आहे. कुणाचा होता कोण जाणे. इतकी गावं हिंडला पोरगा!"

रोशेल आता सोळाची आहे. आजीएवढी उंच झाली. इतका वेळ चादर हातात धरून उभी होती. म्हणाली, "मला शाळेत अजून 'निळा गळा' म्हणतात, ठाऊक आहे का तुम्हाला? ते चालतं. मी भांडते त्यांच्याशी. पण विल्फ्रेडमामाला मी सगळ्यांदेखत चोर म्हटलं. आता मी काय करू? तुम्ही सांगा ना, काय करू?"

आजी म्हणाली, "तिला विचारू नकोस, तिला स्वतःचंच सुचत नाहीये." मग माझ्याकडे वळून, "हे तुकडे झऱ्याच्या पाण्याला वाहता येतील. फुटके म्हणून पाणी परत पाठवत नाही. पण तू जे बोललीस ते साठ माणसांसमोर बोललीस. इथं सावलीत बसून एका म्हातारीच्या कानात ते निस्तरत नाही."

म्हणून काल चॅप्टर हाऊसच्या सभेला गेले. गावची सगळी मंडळी होती. पाण्याच्या टाकीचं झालं, कुरणाच्या कुंपणाचं झालं, मग मी हात वर केला. अध्यक्ष म्हणाले, "विषय कुठला? यादीत नाही." मी म्हटलं, "यादीत दोन वर्षांपूर्वी यायला हवा होता." आणि सांगितलं. बोलून होईपर्यंत खुर्चीची पाठ सोडली नाही.

मग मागून लुसिटा मावशी उठली. "माझे हात आठ दिवस निळे होते," ती म्हणाली, "आणि साबणाची वडी घेऊन तू आली होतीस! तू! माझ्याजवळ बसून म्हणालीस, बघ मावशी, काय दिवस दाखवले माझ्या भावाने."

हे मी तुला मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. म्हणाले होते मी तसं. त्याच शब्दांत.

आज सकाळपासून लोक येऊन आपापल्या माळा घेऊन जाताहेत. कुणी भांडत नाही. खिळ्यावरून काढतात, मोजतात, जातात. सात माळा होत्या, त्यातली एक उरलीय, तीही मालकीण गावाला गेलीय म्हणून.

एथेलीन

३० ऑगस्ट १९७९

विल्फ्रेड,

लेस्टर आला होता. म्हणाला, "पत्रं मिळाली त्याला. सगळी." पुढे काही सांगेना आणि मीही या वेळी वाडगं पुढे केलं नाही.

झऱ्यावर आजी, रोशेल आणि मी गेलो होतो. तुकडे पाण्याला दिले.

तुझी वाट बघते असं लिहिण्याचा मला हक्क नाही. बघते, एवढंच.

एथेलीन

२१ ऑक्टोबर १९७९

विल्फ्रेड,

तू जाऊन पाच दिवस झाले. तू समोर होतास तेव्हा जे मला बोलता आलं नाही ते लिहिते.

तुझा ट्रक यानाबा आजीच्या अंगणात दिसला तो शनिवारी. कॅलिफोर्नियाची पाटी होती म्हणून कळलं. आमच्या अंगणातून ओढ्यापलीकडे सरळ दिसतो. तू उतरलास, आजीने हात धरून तुला आत नेलं, आणि रोशेल मात्र बाहेरच राहिली, बराच वेळ दाराशी घुटमळत. मग तीही आत गेली. तुम्ही काय बोललात ते मला माहीत नाही आणि मी विचारणार नाही. पण दुसऱ्या दिवशी ती तुझ्याबरोबर लाकडं फोडत होती.

तू माळ गाठवायला आला होतास हे मला वाऱ्यावर कळलं. तुला बोलवायला मी ओढा ओलांडला नाही. जेवण करून ठेवत होते आणि संध्याकाळी कुत्र्यांना घालत होते. कुत्री माजली.

मंगळवारी तू आलास. आत ये म्हटलं तर म्हणालास, "नको, इथंच बरं." ट्रकला टेकून उभा राहिलास. केस पिकलेत तुझे कानाजवळ. मी भाकरी आणि मटण आणून दिलं, ते उभ्यानेच खाल्लंस. मला वाटलं, एवढंच. खाऊन जाईल. मग तू बोलायला लागलास, माझ्याकडे न बघता.

"चोर म्हटल्याचं काही नाही, ताई. चोर नाही हे मला ठाऊक होतं. पण मी बघून ओवतो की नाही, यावरचा माझा विश्वासच गेला. रुळाचा खिळा ठोकला की मी मागे जाऊन पुन्हा बघतो. पुन्हा जातो. टोळीतली पोरं हसतात. दाराला कडी लावली की नाही, बघायला उठतो. दोन वर्षं डोळे मिटले की मला दोन डबे दिसतात. कोणत्या डब्यात हात गेला? आणि तुला माहीत होतं. तू इथं बसून भाकऱ्या भाजत होतीस आणि तुला माहीत होतं."

मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते.

"आजीकडे ओवायला बसलो तर पहिले दोन दिवस ओवलेला मणी पुन्हा काढून बघत होतो. ती म्हणाली, मोठ्याने मोज. लहान पोरासारखा मोठ्याने मोजत ओवली मी."

"झाली?"

"झाली. चांगली झाली." इथं तू पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंस. "बारस्टोचा मणी मधोमध आलाय."

मग तू ताट माझ्या हातात दिलंस आणि म्हणालास, "मला राग आहे. तो इतक्यात जायचा नाही, मी घालवायच्या मागेही नाही. तू पत्रं टाकत जा. वाचेन. उत्तराचं आत्ता सांगत नाही. फक्त एक, पत्रातलं खरं कुठलं नि खोटं कुठलं, ते मला ओळखत बसायला लावू नकोस."

एवढं बोलून तू गेलास. मला तुझ्या दंडाला हात लावायचा होता. तू चाक बघायला वाकलास म्हणून राहिलं.

म्हणून ही पत्रं चालू राहतील आणि खरीच असतील, मग ती कंटाळवाणी का होईनात. काम फारसं नाही. उजव्या डोळ्यात पडदा येतोय, गॅलपच्या डॉक्टरने जानेवारीत बोलावलंय, भीती वाटते. लुसिटा मावशी माझ्याशी बोलत नाही. मेंढ्या बावीस उरल्या.

आणि काल एक बाई आली, साऊमिल गावची, डेल्फीन नावाची. आईची पिरोज्याची माळ घेऊन. माझ्याबद्दल सगळं ऐकून आली होती, तसं तिनेच सांगितलं. म्हणाली, "जुने मणी तुमच्याइतके दुसरं कुणी ओळखत नाही, म्हणून आले. नाहीतर आले नसते." मी तिला म्हटलं, "मग इथं समोर बसा. तुमच्या देखत उघडते." दुपारच्या उजेडात दाराशी बसून मी दोरा कापला. सुताचाच नवा दोरा घेतला होता, भोकांना हात लावायचा नव्हता. चौथा मणी आधीच तडकलेला असावा. बोटांत धरला आणि दोन तुकडे झाले.

मी म्हटलं, "फुटला."

ती म्हणाली, "दिसलं मला."

मग मी कॉफी ठेवली.

तुझी बहीण,
एथेलीन